लोकर पचवणारी अळी

मुळशी खोऱ्यात आषाढ-श्रावणात घराची भिंत नीट न्याहाळली, तर तिच्यावरचा एखादा करडा कण चक्क चालताना दिसतो. भोपळ्याच्या बीसारखा चपटा, दोन्ही टोकांना निमुळता, सेंटिमीटरभर लांब. गिलाव्याचा पोपडा सुटला असेल म्हणून आपण एरवी तिकडे लक्षही देत नाही. पण थोडं थांबलं, तर त्याच्या एका टोकातून गडद तपकिरी डोकं बाहेर येतं, पाठोपाठ तीन जोड्या बारीक पाय येतात, आणि ते पाय भिंत पकडून मागची सगळी खोळ पुढे ओढून घेतात. दोन-तीन पावलं, जरा विसावा, पुन्हा ओढ. बोट लावलं की डोकं आत जातं आणि खोळीचं तोंड मिटतं.

ही एका पतंगाची अळी आहे. कपाटातल्या घोंगडीला, शालीला, आजीने विणलेल्या स्वेटरला कसर लागते, ती लावणारे पतंग याच घराण्यातले. टिनेइडी हे त्या कुळाचं नाव, आणि भिंतीवर खोळ घेऊन फिरणाऱ्या या प्रजातीचं नाव फेरिओएका. पौड-कोळवणच्या जुन्या घरांत, धरणाच्या काठच्या शनिवार-रविवारपुरत्या उघडणाऱ्या बंगल्यांत, भूगाव-पिरंगुटच्या नव्या सोसायट्यांत, जिथे ओल आहे तिथे ती असते. आणि मुळशीत ओलीला काय तोटा! २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. पुणे शहरात सबंध वर्षात पडतो त्याच्या तीनचतुर्थांश पाऊस एका दिवसात! अशा हवेत भिंतीही दमट आणि कपाटंही दमट. या अळीला हवी असते तशीच ही जागा.

आधी तिची खोळ पाहू, कारण तिच्यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. पनामातल्या स्मिथसोनियन उष्णकटिबंधीय संशोधन संस्थेत ॲनेट आयेलो यांनी या अळ्या पाळल्या, दिवसामागून दिवस निरखल्या आणि १९७९ मध्ये त्यांचा सगळा जीवनक्रम लिहून काढला. अंडं फिकट निळसर आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. मादी ते भिंत आणि जमीन मिळते तिथल्या सांदीत, कचऱ्याला चिकटवून ठेवते. त्यातून निघालेली अळी रेशमाचा धागा काढून आधी एक इवलीशी कमान उभारते. कमानीची दोन्ही टोकं जमिनीला टेकलेली असतात. बाहेरून ती आसपास मिळेल ते चिकटवत जाते : वाळूचे कण, माती, लोखंडाचा गंज, किड्यांची विष्ठा. आतून मात्र निव्वळ रेशमाचं अस्तर. कमान लांबत जाऊन तिचा बोगदा होतो. मग अळी खालची बाजूही विणून घेते, आणि जमिनीला चिकटलेलं बांधकाम सुटं होऊन चालतं घर तयार होतं. पुढे अळी वाढेल तशी खोळही वाढवली जाते.

ही खोळ मध्ये रुंद आणि टोकांना अरुंद असते, त्यालाही कारण आहे. मधल्या रुंद जागेत अळी स्वतःला दुमडून उलटी फिरू शकते. खोळीला दोन्हीकडे दार असल्यामुळे पुढचं टोक कोणतं आणि मागचं कोणतं हे ती हवं तेव्हा ठरवते. एका दाराशी धोका वाटला की दुसऱ्या दाराने निघते. भिंतीवरची एक अळी बशीत घेऊन भिंगातून पाहा : थोडा वेळ ती निपचित पडते, आणि मग बहुतेक वेळा आपण पाहत असतो त्याच्या विरुद्ध टोकाने डोकं काढते.

सहा-सात वेळा वाढीचा टप्पा बदलत सुमारे ५० दिवसांत अळी पुरती वाढते. मग ती भिंतीवर चढते, खोळीची दोन्ही टोकं रेशमाने भिंतीला जखडते, आणि एका टोकाच्या दोन्ही कडांना बारीक चीर देऊन ते टोक आणखी चपटं करते. ही तिची बाहेर पडण्याची झडप. ही तयारी ती आधीच करून ठेवते, कारण पतंग झाल्यावर कुरतडायला जबडे उरणार नाहीत. आत कोशात साधारण दोन आठवडे जातात. मग बहुधा भर दुपारी झडप ढकलून एक करडा पतंग बाहेर येतो, पंख पसरून जेमतेम सेंटिमीटरभर. त्याच्या कोशाचं रिकामं कवच झडपेत अर्धं अडकून राहतं. भिंतीला चिकटलेल्या खोळीतून असं कवच डोकावत असेल, तर आतला जीव केव्हाच उडून गेला असं समजावं.

कपड्यांना कसर लावणारे तिचे दोन भाऊबंद जगभर प्रसिद्ध आहेत. एक फिकट सोनेरी पंखांचा टिनिओला. त्याची अळी खोळ पाठीवर घेत नाही, कापडावरच रेशमी जाळं विणून त्याखाली चरत राहते. दुसरा टिनिया पेलिओनेला. हा खोळ बाळगतो आणि ती ज्या कापडावर चरतो त्याच्याच तंतूंची बनवतो. लाल शालीवरची खोळ लाल, काळ्या घोंगडीवरची काळी. म्हणूनच ती लवकर नजरेला पडत नाही.

या रंगाच्या गोष्टीने अठराव्या शतकात एका फ्रेंच माणसाला झपाटलं होतं. रेओम्यूर हे नाव आपल्याला तापमापकाच्या मोजपट्टीमुळे ऐकून माहीत असतं, पण त्याने आयुष्याचा मोठा भाग किड्यांचं निरीक्षण करण्यात घालवला. १७३७ मध्ये निघालेल्या त्याच्या कीटकग्रंथाच्या तिसऱ्या खंडात कपड्यांच्या पतंगांचा विस्ताराने विचार आहे. अळी वाढली की तिची खोळ तिला अपुरी पडते. टोकाला लांबी वाढवणं सोपं, पण रुंदी कशी वाढवायची? रेओम्यूरने अळ्या एका रंगाच्या कापडावरून उचलून दुसऱ्या रंगाच्या कापडावर ठेवल्या आणि खोळीवर नवा रंग कुठे उमटतो ते पाहिलं. तेव्हा कळलं, की अळी खोळ उभी चिरते आणि त्या चिरेत नव्या तंतूंची पट्टी भरते. ब्लाउज घट्ट झाला की शिंपी बाजूची शिवण उसवून तिथे पट्टी घालतो, तेच काम. तिची विष्ठाही ज्या रंगाचं कापड त्या रंगाची पडते, कारण लोकर पचली तरी रंग पचत नाही. हे ज्ञान आजही घरात उपयोगी पडतं. स्वेटरच्या घडीत त्याच रंगाचे रवाळ कण दिसले, तर पतंग दिसो न दिसो, अळी तिथे येऊन गेली आहे किंवा अजून आहे.

पतंग स्वतः कपडे खात नाही. कपड्यांचे पतंग प्रौढ झाल्यावर काहीच खात नाहीत. अळी असताना साठवलेल्या शिदोरीवर ते थोडेच दिवस जगतात, तेवढ्यात जोडीदार शोधतात आणि मादी अंडी घालते. खाणं सगळं अळीचं. आणि ते खाणं इतकं विलक्षण आहे, की प्राणिसृष्टीत फार थोड्यांना जमलेलं आहे.

लोकर म्हणजे केस. केस, नखं, शिंगं, खूर, पिसं हे सगळं केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं असतं. प्रथिन म्हटलं म्हणजे ते पौष्टिक असणार, तरीही केस कोणी खात नाही. मांजर स्वतःचे केस गिळते, पण ते पचवू शकत नाही, गोळा करून ओकते. वाघाच्या विष्ठेत सांबराचे केस जसेच्या तसे निघतात आणि वनरक्षक त्यावरून वाघाने काय खाल्लं ते सांगतात. घुबड उंदराचे केस आणि हाडं गोळीच्या रूपात बाहेर टाकतं. केराटिनच्या चिवटपणाचं कारण गंधकात आहे. लोकरीत वजनाच्या तीन-चार टक्के गंधक असतं. शेजारशेजारच्या प्रथिनसाखळ्यांतले गंधकाचे अणू एकमेकांना जोडलेले असतात, आणि असे असंख्य सांधे मिळून सगळा तंतू जखडून ठेवतात. नेहमीच्या पाचकरसांना या सांध्यांमुळे आत शिरायला वाटच मिळत नाही.

मग या चार-पाच मिलिमीटरच्या पोटात असं काय आहे? १९३० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रम-लांग आणि डुस्पिवा यांनी टिनिओलाच्या अळीचं आतडं तपासलं. आतड्याचा मधला भाग जबरदस्त अल्कधर्मी निघाला, त्याचा पीएच जवळजवळ १०. शिवाय तिथे ऑक्सिजनचा पत्ता नाही. कीटकांच्या शरीरात श्वासनलिकांचं जाळं सगळीकडे हवा पोचवतं, पण या अळीच्या आतड्याच्या या भागात त्या नलिका अगदी विरळ असतात. ऑक्सिजन नसलेल्या त्या अल्कधर्मी रसात गंधकाचे सांधे तुटतात. सांधे तुटले की प्रथिनाची साखळी उघडी पडते आणि पाचकरस तिचे तुकडे करतात. ब्युटी पार्लरमध्ये केस कुरळे करण्यासाठी जे द्रावण लावतात, तेही गंधकाचे हेच सांधे सोडवतं आणि नंतर हव्या त्या आकारात पुन्हा जुळवतं. अळीचा खटाटोप मात्र ते कायमचे मोडण्यासाठी असतो.

पाणीही तिला वेगळं प्यावं लागत नाही. अन्न पचताना शरीरात रासायनिक क्रियेतून जे पाणी तयार होतं आणि तंतूंनी हवेतून जो ओलावा शोषलेला असतो, तेवढ्यावर तिचं भागतं. आणि काळाच्या बाबतीत ती कमालीची लवचीक आहे. ऊब, ओल आणि चांगलं खाणं मिळालं तर टिनिओलाची अळी दोनेक महिन्यांत वाढते. नाही मिळालं तर दोन वर्षंही तग धरते. तिच्या कात टाकण्याच्या संख्येची नोंद पाचापासून पंचेचाळीसपर्यंत आहे. एकाच जातीच्या अळीत इतका फरक! वर्षभर बंद असलेलं कपाट उघडलं आणि कसर नवी दिसली, तर त्यात नवल नाही. ती वाट पाहत होती.

हे सगळं सामर्थ्य आपल्या कपाटांसाठी घडलेलं नाही. माणसाने कापड विणायला सुरुवात करण्याच्या कितीतरी आधीपासून हे पतंग पक्ष्यांच्या घरट्यांत, प्राण्यांच्या बिळांत, घुबडांनी टाकलेल्या गोळ्यांत, वटवाघळांच्या गुहांत आणि वाळलेल्या कलेवरांवर जगत आले आहेत. आफ्रिकेत तर याच कुळातल्या एका पतंगाची अळी मेलेल्या हरणांची आणि म्हशींची शिंगं पोखरून खाते. ताम्हिणीच्या जंगलात भेकर मेलं, तर मांस कोल्हे, गिधाडं, मुंग्या आणि माशा संपवतात. केसांचं आणि खुरांचं काय? ते मातीला परत करणाऱ्यांत बुरशी, काही जिवाणू, कातडी खाणारे भुंगेरे आणि या अळ्या येतात. सह्याद्रीत दरवर्षी गळणारी पिसं आणि केस कोणी पचवले नसते, तर ते गंधक आणि नत्र तसंच अडकून पडलं असतं. जंगलात ही अळी सफाईच्या शेवटच्या, सर्वांत अवघड टप्प्यावर काम करते.

घरात आल्यावरही ती तेच काम पुढे चालू ठेवते. फेरिओएकाच्या खोळवाल्या अळीचं घरातलं मुख्य अन्न म्हणजे कोळ्यांची जुनी जाळी. त्याबरोबर मेलेले किडे, गळलेले केस, पंख्याखाली साठलेला धुळीचा कापूस. जाळं म्हणजे रेशीम आणि रेशीम म्हणजे प्रथिन. लोकर मिळाली तर तीही खाते. सुती कापडावर मात्र ती जगत नाही. म्हणून भिंतीवर दोन-चार खोळी दिसल्या तर कपाट रिकामं करायची घाई नको. त्या आपल्याला घरातली जाळी आणि ओल कुठे आहे ते दाखवत असतात. त्यांना शत्रूही असतो. एक बारीक गांधीलमाशी खोळीतल्या अळीच्या अंगात अंडं घालते आणि तिची पिल्लं अळीला आतून खाऊन टाकतात.

खरी काळजी आहे ती लोकरीची आणि रेशमाची. मावळ-मुळशीच्या घरांत सणगरांनी विणलेली काळी घोंगडी अजून जपलेली असते. भातलावणीत डोक्यावर खोळ करून घ्यायला, थंडीत पांघरायला तिच्यासारखं काही नाही. सोवळ्यातली लोकरी धाबळी, पूजेचा कद, लग्नातला शालू, पैठणी हे सगळं वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच बाहेर निघतं. अळीला हवा असतो तो अंधार, निवांतपणा आणि दमटपणा तिथे आपणच पुरवतो. आणखी एक गोष्ट आपण पुरवतो, ती म्हणजे घाम. स्वच्छ लोकरीत अळीला लागणारी सगळी जीवनसत्त्वं आणि क्षार नसतात. ते तिला कापडावरच्या घामातून, तेलकट डागांतून, सांडलेल्या अन्नातून मिळतात. त्यामुळे छिद्रं बहुतेक वेळा काखेत, गळ्याशी, डागाच्या जागी पडतात. लोकर आणि सूत मिश्र असलेल्या कापडातली लोकर ती खाते. निव्वळ सुती गोधडीला तिच्यापासून फारसं भय नाही. गोधडी किंवा खळ दिलेलं कापड वरवर खरवडलेलं दिसलं, तर तो चंदेरी, सरपटणाऱ्या, पंख नसलेल्या किड्याचा उद्योग असण्याची शक्यता जास्त. आपण त्यालाही कसरच म्हणतो, पण त्याला पिष्टमय पदार्थ लागतात.

तिचं आयुष्य असं उलगडलं की उपाय आपोआप समोर येतात.

पहिलं काम उगम शोधण्याचं. छिद्रं पडलेली शाल सापडली म्हणजे शोध संपत नाही. कपाटामागची धूळ, पलंगाखालचे केसांचे पुंजके, माळ्यावरची जुनी लोकरी चिंधी, पेटीखालचं नमद्याचं अस्तर, हार्मोनियमच्या आतली लोकरी नमद्याची पट्टी, भिंतीवरचं भुसा भरलेलं जनावराचं डोकं हेही पाहावं. खिडकीच्या छज्ज्यावर कबुतराचं किंवा वळचणीला चिमणीचं सोडून दिलेलं घरटं असेल, तर बऱ्याचदा वर्दळ तिथून सुरू होते. पिल्लं उडून गेलेली असतील तर ते काढून टाकावं.

दुसरं, झाडलोट. जाळी काढणं, सांदी-कोपरे व्हॅक्यूमने किंवा झाडूने साफ करणं आणि तो कचरा लगेच घराबाहेर नेणं. कुठल्याही फवाऱ्यापेक्षा याने जास्त फरक पडतो, कारण अन्नच नाहीसं होतं. अंडी आणि लहान अळ्याही त्याबरोबर जातात.

तिसरं, उष्णता. ५० अंश सेल्सिअसच्या पुढे अर्धा-पाऊण तास राहिलं, तर अंडी, अळ्या, कोश काहीच टिकत नाही. मेच्या उन्हात काळी घोंगडी काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून अंगणात ठेवली, की आतलं तापमान याच्या पुढे जातं. दोन्ही बाजू तापतील अशी ती मधूनमधून उलटावी. नंतर बाहेर काढून ताठ ब्रशने झटकावी, विशेषतः काठ आणि शिवणी. पैठणी किंवा शालू मात्र थेट उन्हात नको, रंग उडतो. त्याला सावलीतलं वारं पुरे, आणि घडी दरवेळी वेगळी घालावी.

चौथं, थंडी. उन्हाला चालणार नाही असं नाजूक लोकरी किंवा रेशमी वस्त्र पिशवीत घट्ट बांधून घरच्या डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशाला, दोन आठवडे ठेवावं. संग्रहालयंही हीच पद्धत वापरतात. बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कापडावर हवेतलं पाणी साचतं.

पाचवं, ठेवण्याची पद्धत. धुऊन, पूर्ण वाळवून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात किंवा पेटीत. न धुतलेला स्वेटर पावसाळ्याआधी कपाटात टाकणं म्हणजे अळीला जेवायला बसवणं. मुळशीतल्या बंद बंगल्यांत पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हाच्या दिवसांत, सगळी कपाटं उघडून लोकर बाहेर काढण्याचा दिवस ठरवून टाकावा.

डांबराच्या गोळ्यांबद्दल जपून. घट्ट बंद पेटीत त्यांची वाफ साठली तरच त्या काम करतात. उघड्या कपाटात त्यांचा फक्त वास आपल्या नाकात जातो. शिवाय त्यातलं नॅफ्थलीन लहान बाळांना घातक ठरू शकतं. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ तीव्र होते. गोळ्यांत ठेवलेली दुपटी आणि स्वेटर नवजात बाळाला कधीही तसेच घालू नयेत. वेखंड, कडुनिंबाचा पाला, लवंगा यांची आपल्याकडची रीत जुनी आहे आणि राखणीला ती चालू ठेवायला हरकत नाही. पण कापडात शिरून बसलेली अळी वासाने मरेल, असा भरवसा धरू नये. तिच्यासाठी ऊन, ब्रश आणि फ्रीझर.

या अळीने लाखो वर्षं केस आणि पिसं मातीत मिसळली आहेत आणि पुढेही तिने ते करत राहावं. ताम्हिणीच्या रानात तिचं असणं आपल्या हिताचंच आहे. घरात तिचं पोट भरू द्यायचं की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे. कोपरे झाडलेले, भिंती कोरड्या, लोकर धुऊन मिटवलेली, एवढं सांभाळलं तर विषारी फवाऱ्याची वेळ फार थोड्या घरांवर येते, आणि आजोबांची घोंगडी नातवाच्या अंगावर पडते.